ज्या घरात कुणी मेलं नाही

कर्जतला मास्तरकी करत होतो त्या दिवसांत मला बुद्ध लागला होता, एखाद्याला तपकीर लागते तसा. मुंबईहून गाडीने येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याच्या चरित्राचं एक पुस्तक आणून दिलं. ते मी एका पावसाळ्यात चार वेळा वाचलं आणि मग मला जिथे तिथे बोध दिसायला लागला. जत्रेत तमाशा संपला आणि नाच्या लुगडं फेडून विडी ओढत बसला, की मी शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणायचो, "पाहिलंत? देह असाच." घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन लावत, त्यातही मी बोध काढला होता. तो काय होता ते आता आठवत नाही, पण पोस्टमास्तरांना तो तीनदा ऐकवला होता.

बायको म्हणायची, "तुम्हाला ठेच लागली तरी आधी बोध सुचेल आणि मग 'आई गं' म्हणाल." तिचं एवढंच चुकलं. मला बोध सुचायचा तो दुसऱ्याला ठेच लागली की.

आमच्याकडे भात कांडायला भिसेगावातून एक बाई येत असे. विधवा होती, मोजकं बोलायची. तिला एकुलती एक मुलगी, चार वर्षांची. आई कांडायला लागली की ती पडवीत कोंड्याचे ढीग घालत बसायची आणि माझी चाहूल लागली की ढीग पायाने सारखे करायची, कारण मी रागावत असे. त्या वर्षी गावात देवीची साथ आली, मुलीला देवी आल्या आणि नवव्या दिवशी ती गेली. लहान मूल म्हणून जाळलं नाही, नदीच्या काठाला पुरलं.

चार-पाच दिवसांनी बाई आली. मुसळाला हात न लावता उखळाजवळ बसून राहिली. मी बाहेर आलो तशी म्हणाली, "मास्तर, तुमी येवढी बुकं वाचता. मेलेलं मानूस उठवायचं कशात लिवलेलं नाय का?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. पुस्तकात अगदी हाच प्रसंग होता. मूल गेलेली आई बुद्धाकडे येते, तो तिला मोहरी आणायला पाठवतो, पण ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातली. ती दारोदार हिंडते, तसं घर मिळत नाही आणि मरण कुणालाच चुकलेलं नाही हे तिला उमगतं. मला वाटलं, संधी चालत दारी आली.

"लिहिलंय," मी म्हणालो. "चिमूटभर मोहरी आण. पण ज्या घरात कुणी मेलं नाही, त्या घरातली. आणलीस की तुझी मुलगी उठवतो."

"खरं?"

"छापलेलं आहे," मी म्हणालो.

आतून बायको म्हणाली, "मोहरीने फोडणी होते, पोर उठत नाही. तिला असलं काही सांगू नका."

"तुला कळायचं नाही," मी म्हणालो. हे वाक्य तिला मी दिवसातून दोनदा तरी ऐकवत असे.

बाई उठली. "मग तुमच्यापासनंच धरते. तुमच्यात कोन मेलंय?"

मी बोटांवर मोजलं. वडील, आई, पहिली बायको, तिच्याबरोबर तिचं तान्हं. आवाज जरासुद्धा कापला नाही, पोरांना पाढा सांगावा तसं सांगितलं. "आमचं घर बाद," मी हसून म्हणालो. "पुढे चल."

ती पुढे गेली. आधी भिसेगाव पालथं घातलं, मग कर्जतची बाजारपेठ. विधवेने सकाळच्या पारी दारात उभं राहून तुमच्यात कोण मेलंय विचारायचं, म्हणजे काय ते समजून घ्या. साथ अजून पुरती ओसरली नव्हती. एका घरी म्हातारीने तिला बसवून घेतलं, सात माणसं मोजून सांगितली आणि दोघी मिळून रडल्या. पण बहुतेकांनी हाकललं. "आमच्या मरनावर टपलीस का गं?" म्हणून एकीने अंगावर शेणाचं पाणी ओतलं. ती तशीच ओल्या लुगड्याने माझ्याकडे आली.

"काय समजलं?" मी विचारलं.

"अजून घर गावलं नाय."

मी नुसती मान हलवली. खरं काय ते तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण पुस्तकातली आई ते स्वतःच्या तोंडाने म्हणते, आणि मला ते हिच्या तोंडून ऐकायचं होतं. संध्याकाळी पोस्टमास्तरांना मी म्हणालो, "अजून दोन दिवस. पिकत आलीय." आंब्याविषयी बोलावं तसं बोललो.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून सोवळं नेसून पूजेला बसणार, तोच अंगणातून हाक आली. बाई उभी होती. पदराची गाठ तिने सोडून दाखवली. आत मोहरी होती.

"कुठून आणलीस?"

"ठाकुरवाडीवरनं. रुळाच्या कडंकडंनं गेले. रेल्वेवाल्यांनी गेटवाल्याला नवं घर बांधून दिलंय. भिंतींचा चुना अजून वला हाय. त्याच्या बायकोला इचारलं, या घरात कोन मेलंय? ती बोलली, कोन मरनार, आमीच परवा राह्यला आलो."

मला राग आला. स्वतःचा नव्हे, तिचा. चार वेळा वाचलेली गोष्ट एका कांडपिणीने मोडून हातात दिली होती.

"ते घर धरायचं नाही," मी म्हणालो. "घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे माणसं, कुळ. त्या गेटवाल्याचे आईबाप, आजे-पणजे गावाकडे मेलेच असतील की नाही?"

"तुमी घर बोललात."

"घर या शब्दाचे दोन अर्थ होतात," मी म्हणालो आणि ते दोन अर्थ तिला समजावून सांगू लागलो. वर्गात सांगतो तसे, उदाहरणं देऊन. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत माती होती. नखं फुटली होती.

"हात कशाने भरले?" मी विचारलं.

"उकरून ठेवलंय," ती म्हणाली. "म्हटलं, तुमाला उगाच खोळंबा नको."

बायको दारात येऊन उभी होती. मला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणूस ओरडतो, तसा मी ओरडलो. मेलेलं माणूस उठत नसतं, एवढंही तुला कळत नाही का, हे तुला शिकवायलाच तर सगळं केलं, असं काहीबाही.

तिने ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"ते मला ठाव व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "मी स्वता माती लोटली तिच्यावर. तुमी बोललात म्हनून इसरले." मग तिने पदराला पुन्हा गाठ मारली. "आता उठवा म्हनत नाय मी. पन ती तिथं उघडी पडलीय, एकटीनं मला परत बघवत नाय. निजवायला तरी चला."

बायको कोपऱ्यातलं फावडं घेऊन केव्हाच पायऱ्या उतरली होती. मी म्हणालो, "मी सोवळ्यात आहे."