मत एक, कारणं तीन

लहानपणी गंगापूरकडच्या एका जत्रेत कुस्ती चालू होती. हलगी जोरात वाजत होती आणि एकदम थांबली. मग सगळं मैदान ओरडायला लागलं. "पाठ लागली!" "नाय लागली!" जितकी माणसं तितकी मतं, आणि कारण एकाकडंही नाही! ती हलगी आणि तो गोंधळ अजून कानात आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. मुकुंदवाडीच्या एका शाळेत शिपाई म्हणून उभं आयुष्य गेलं. वर्गाबाहेर स्टुलावर बसलं की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर साठत जातात. झटकले तरी थोडे सदऱ्यावर राहतातच. यंदाचे सगळे सातवीच्या जाधव मॅडममुळं साठले.

मॅडमनी मुलांना सांगितलं, एकेक मोठा खेळाडू निवडा, त्याची माहिती काढा आणि त्याच्याबद्दल स्वतःचं मत लिहा. नियम असा, की मत एक आणि कारणं तीन. कारणं नसतील तर वही परत!

फैजाननं सगळ्यात आधी वाचून दाखवलं. "माझ्या मते हा क्रिकेटवाला सगळ्यात भारी आहे. कारण एक, तो भारी आहे. कारण दोन, तो लई भारी आहे. कारण तीन, मॅडम, कसम से!"

*

पल्लवीची वही मात्र भरलेली होती. तिनं एका धावणाऱ्या बाईवर लिहिलं होतं. पल्लवी स्वतः आठशे मीटर पळते. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव यादीत लागलं, पण संमतीपत्रावर वडिलांची सही नव्हती. वडील रावसाहेब, गंगापूरची काळी-पिवळी जीप चालवतात. ते सही करायला तयार नव्हते, आणि शनिवारी शेवटची मुदत. बिनसहीचं ते संमतीपत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं.

रोज जाताना पोरगी विचारायची, "मामा, पप्पा आले होते का?"

"नाय आले, बाळा."

*

मॅडमचा नियम वर्गात मावेना. एक दिवस ओंकार ताट घेऊन खिचडीवाल्या शोभाताईंपुढं उभा राहिला. "ताई, आजची खिचडी पातळ आहे, असं माझं मत आहे."

शोभाताईंनी पळी उगारली. "तीन कारणं सांग!"

"एक, ताट तिरपं केलं की ती पळते. दोन, वाढताना छप् असा आवाज आला. तीन, तिच्यात मला माझं तोंड दिसायलंय!"

"आता माझं मत ऐक. तुला परत वाढणार नाय. कारण एकच, पळी माझ्या हातात हाय!"

दुसऱ्या दिवशी मात्र खिचडीत पळी उभी राहिली.

*

एकदा मॅडम समजावत होत्या, "प्रभावी खेळाडू कोण? ज्याला बघून दुसऱ्याचं वागणं बदलतं, तो."

फैजान उठला. "फिर तो मॅडम, आमची अम्मी सगळ्यात प्रभावी! ती नुसती चपलेकडं बघते आणि मी अभ्यासाला बसतो."

*

पोरांनी मलाही सोडलं नाही. "मामा, तुमचा खेळाडू कोण?"

मी लहानपणीच्या त्या जत्रेतल्या कुस्तीत हरलेला पैलवान लिहिला. कारण एक, पंचांनी निकाल दिल्यावर तो भांडला नाही. कारण दोन, जिंकलेल्याच्या पाठीची माती त्यानंच झटकली. तिसरं कारण दोन दिवस सापडेना. शेवटी लिहिलं, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मी त्याची आठवण ठेवतो.

मॅडमनी दहापैकी नऊ दिले. एक गुण अक्षरासाठी कापला. बरोबरच केलं!

*

शनिवारी रावसाहेब आले. जीप गेटबाहेर लावून, पळण्यासाठी मी सकाळी मैदानावर मारलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा तुडवत, तडक माझ्या टेबलापाशी.

"मामा, यादीतून नाव काढून टाका. पोरींनी असं पळू नाय. आपलं मत हाय हे!"

मॅडम वर्गावर होत्या. मला वाद घालता येत नाही. मी एक कोरा कागद आणि पेन पुढं ठेवलं. "शाळेत सध्या नियम आहे, रावसाहेब. मताखाली तीन कारणं लिहायची. मलाबी लिहायला लावली."

"आता मला बी शाळेत बसवता का काय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

ते व्हरांड्यातल्या पोरांच्या बाकावर बसले. गुडघे छातीला लागले. पहिलं कारण झटक्यात लिहिलं : लोक नावं ठेवतात. मग पेनाचं टोपण चावत बसले.

तेवढ्यात मुली मैदानावर आल्या आणि पळायला लागल्या. पल्लवीचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. तिची पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला रावसाहेबांनी लिहिलं, "कारण दोन," आणि पेन तिथंच थांबलं. तिसऱ्या फेरीला पोरगी सगळ्यांच्या पुढं निघाली. रावसाहेब उठून व्हरांड्याच्या कडेला गेले.

गेटबाहेर जीपमधले पॅसेंजर कावले होते. "ओ ड्रायव्हर! गंगापूरला जायचं हाय का नाय?"

रावसाहेब तिथूनच ओरडले, "थांबा की जरा! दिसत नाय का, पोरगी पळायलीय!"

चौथी फेरी संपली. ते परत टेबलापाशी आले. कारणांचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि हात पुढं केला. मी खणातून संमतीपत्र काढून दिलं. त्यांनी सही केली.

मग फक्कीच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून सगळ्या मैदानाला वळसा घातला, आणि गेटबाहेर निघून गेले.