आनंदरावांची लाल रेघ

आमच्या कॉलेजात प्राचार्य होते, अध्यक्ष होते, दोन शिपाई आणि एक तडा गेलेली घंटा होती. पण सिहोऱ्याच्या आसपासच्या वीस-बावीस गावांत नाव होतं ते हेडक्लार्कचं. आनंदराव मेश्राम. त्यांच्याकडे सागवानाची एक फुटी पट्टी होती आणि लाल शाईची दौत. अकरावी सायन्सच्या जागा ऐंशी. मार्कांप्रमाणे नावं उतरवून झाली की ऐंशीव्या नावाखाली आनंदराव पट्टी ठेवत, श्वास रोखत आणि एक रेघ ओढत. मग यादी बाहेरच्या भिंतीवर लागे. जूनअखेरीस बसस्टँडवर माणसं एकमेकांना एवढंच विचारत, "वर हाय का खाली?" पुढं पुढं तर लग्नाच्या बोलणीतसुद्धा "पोरगा रेघेच्या वरचा हाय जी" असं सांगितलं जाऊ लागलं.

मी तिथं मराठी शिकवत होतो आणि मला त्या रेघेचा मनस्वी राग होता. तेव्हा मी तरुण होतो, भंडाऱ्याहून नवीन आलो होतो आणि माणुसकीवर तास-तासभर बोलू शकत होतो. एकदा ऑफिसात जाऊन मी त्यांना सुनावलं, "आनंदराव, पोरं काय टक्क्यांत मोजायची?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग कायच्यात मोजाची ते सांगा, सर. ओळखीत?"

 मला उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं, पण तोवर आनंदराव जेवायला गेले होते.

त्यांच्या या हट्टामागं एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. मॅट्रिकला सत्तावन्न टक्के मिळवून हा माणूस सायन्सला जायचं म्हणून नागपूरला गेला होता. तिथल्या एका कॉलेजात त्याचं आडनाव वाचून बाबूनं सांगितलं, यादी झाली. यानं विचारलं, यादी कुठं लागली आहे? बाबू म्हणाला, साहेबांच्या खिशात. दोन दिवस हा तिथं व्हरांड्यात बसून राहिला, त्या खिशातून काही बाहेर येईना. शेवटी गावी परतला, तहसिलीत कारकुनी धरली, आणि आमचं कॉलेज निघालं तेव्हा इथं आला. "यादी भिंतीवर लावाची असते, सर. खिशात ठेवाची नसते," एवढं बोलून ते पुन्हा फायलीत घुसले.

आता आमचे अध्यक्ष श्यामरावजी. यांची राईस मिल होती आणि चिठ्ठ्या लिहायची सवय होती. मिलच्या पावतीच्या पाठीमागं ते लिहीत, 'पत्रवाहकास सायन्सला घ्यावे.' आनंदराव प्रत्येक चिठ्ठी वाचत, मशीननं तिला भोक पाडत, एका फायलीत लावत आणि विसरून जात. एकोणऐंशी साली अध्यक्षांचा सख्खा पुतण्याच रेघेखाली गेला. श्यामरावजी तरातरा ऑफिसात आले.

"आनंदराव, पुतन्या होय माह्या!"

"अध्यक्षसाहेब, तुमच्या मिलमधी सगळ्यायच्या धानाले काटा एकच हाय ना? का पुतन्याच्या धानाले येगळा हाय?"

श्यामरावजींना आपल्या काट्याचा भारी अभिमान. ते "हे बरोबर नाही" असं म्हणत निघून गेले. काय बरोबर नाही, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

घोळ झाला त्र्याऐंशी साली. त्या वर्षी एका परीक्षा केंद्रावरून एक्केचाळीस पोरं आली आणि एक्केचाळीसही जणांना गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस मार्क. त्यांतल्या एकाला मी अर्जावर टक्केवारी काढून लिही म्हटलं, तर तो आधी उजव्या बाजूला डोकावला, मग डाव्या. आनंदरावांचा चेहरा उतरला. ज्या मार्कांच्या जोरावर त्यांनी अध्यक्षाला परत पाठवलं, तेच मार्क चिठ्ठीहून खोटे निघाले. दोन दिवस ते पट्टी हातात घेऊन नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांपुढं जाऊन म्हणाले, "आपण आपली परीक्षा घेऊ. एक पेपर, एक हॉल, सगळ्यायले सारखा. त्याच मार्कांवर यादी."

आणखी एक गोष्ट होती. त्या वर्षी त्यांचा गुलाब दहावी झाला होता. आपण व्हरांड्यातून परत आलो, पोरगा आत जावा, ही एकच हाव मी त्या माणसात पाहिली. एरवी चहासुद्धा अर्धा कप पिणारा माणूस. त्यांनी पोराला शिकवण्या लावल्या, पण पेपरातला शब्द काही त्याच्या कानावर जाऊ दिला नाही. पेपर तयार होईस्तोवर आठ दिवस बापलेक घरात बोलले ते फक्त वरण-भातापुरतं. त्यांची बायको विमलाबाई वैतागून म्हणे, "हे परीक्षा घेऊन राहिले का दंगल?"

पेपर आनंदराव आणि गणिताचे ताराचंद बिसेन सर यांनी मिळून काढला. बिसेन सरांनी नळ आणि टाकीचं गणित घातलं होतं. आनंदरावांनी ते खोडलं. "खेड्यावरच्या पोरायनं नळ पाह्यला कोठं? शहराच्या पोरायले फायदा होईन." मग त्यांनी स्वतः बसून ते गणित आपल्या भागाचं केलं: एका तलावात छत्तीस हजार घनफूट पाणी आहे. नाल्यातून ताशी दोन हजार घनफूट पाणी येते. तुडुमातून ताशी पाच हजार जाते. तलाव किती तासांत रिकामा होईल? दहा मार्क. तुडुम म्हणजे आमच्याकडं तलावाच्या मातीच्या पाळीत बसवलेली पाणी सोडायची वाट; एकाखाली एक भोकं, त्यांत लाकडी खुंट्या. आनंदराव त्या गणितावर इतके खूश होते की त्यांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मीही मान डोलावली. मराठी माझा विषय, गणितात मी मान डोलावणाराच.

दोनशे दहा पोरं बसली. उत्तर बारा तास. पेपर आनंदरावांनी आणि बिसेन सरांनी तपासले, यादी झाली, लाल रेघ ओढली गेली. एक्केचाळिसातले चाळीस खाली गेले. गुलाब चौऱ्याहत्तरावा, वर. त्या दिवशी आनंदरावांनी पूर्ण कप चहा प्याला आणि मलाही पाजला.

दुसऱ्या दिवशी मंगरू आला. सहा किलोमीटरवरच्या एका गावचा हा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी जाणार, हे पाहायला सगळा गाव मिळून जो माणूस ठेवतो तो पाणकर. खुंटी काढायची तर त्यानं, बसवायची तर त्यानं. त्याची पोरगी चंद्रकांता रेघेखाली होती. आनंदरावांना वाटलं, आता हा रडेल. मंगरू रडायला आलाच नव्हता, तो भांडायला आला होता.

"हेडबाबू, थो तलाव कोन्या गावचा होय जी?"

"कोनता तलाव?"

"पेपरातला. बारा घंट्यात सुकते थो."

"थो कोन्याच गावचा नाही, मंगरूभाऊ. गनितातला हाय."

"मंग तिथला पाणकर कोन?"

  आनंदरावांनी कपाटातून चंद्रकांताचा पेपर काढला. तिनं लिहिलं होतं: 'तलाव रिकामा होणार नाही. तुडुमाच्या शेवटच्या भोकाच्या खाली जे पाणी राहते ते जनावरांचे व मासोळ्यांचे असते. शिवाय दिवस बुडल्यावर पाणकर खुंटी लावतो. तो माझा बाप आहे.' शेजारी आनंदरावांच्याच हातचं लाल शून्य.

"एक डाव चाला जी," मंगरू म्हणाला. "डोयानं पाहून घ्या. मंग शून्य ठेवा, माह्यं काही म्हननं नाही."

आम्ही दोन सायकलींवर निघालो. मंगरू पायी निघाला आणि आमच्या आधी पोचला. त्या साली मृग कोरडा गेला होता. तुडुमाची सगळी भोकं सताड उघडी, खुंट्या पाळीवर रचून ठेवलेल्या, पाट कोरडा ठणठणीत. आणि तलावात सात म्हशी आरामात बसल्या होत्या, पाणी त्यांच्या पोटाला लागलेलं. आनंदरावांना तेवढ्यानं पटलं नाही. पिशवीतून त्यांनी ती सागवानी पट्टी काढली, पँट गुडघ्यावर घेतली आणि म्हशींच्या मधून आत शिरले. पट्टी पाण्यात उभी धरली. पट्टी गेली, मागं मूठ गेली, मनगट गेलं.

"फूट झाला का?" मी पाळीवरून ओरडलो.

"दीड असन!"

परत येताना त्यांची डावी चप्पल चिखलात रुतली ती वर आलीच नाही. त्यांनी हात घालून बरंच चाचपडलं. मंगरू म्हणाला, "राहू द्या जी. शेवटच्या भोकाखालचं होय. थे आता मासोळ्यायची झाली."

परतीच्या वाटेवर मला उकळ्या फुटत होत्या. शेवटी माझं म्हणणं खरं ठरलं होतं! मी म्हटलं, "पाहिलंत, आनंदराव? परीक्षा कसा अन्याय करते ते!"

ते एका चपलेनं पॅडल मारत होते. "परीक्षेनं नाही केला, सर. मी केला. पेपर मी काढला. पन चूक कागदावर होती म्हनून सापडली. साहेबाच्या खिशात असती तर मंगरूनं कायले बोट लावलं असतं?"

 नाल्याच्या पुलावर आलो तेव्हा माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. यादी बदलली की रेघ वर सरकणार. गुलाब चौऱ्याहत्तरावा. त्यांना हे तलावातच कळलं असणार, पट्टी बुडाली तेव्हाच. माझा आनंद तिथल्या तिथं गळाला.

बिसेन सरांना मुळीच पटेना. कागदावर बारा तासच बरोबर, आणि यादी लागून एक दिवस झाला, मंगरूशिवाय कोणी आलेलंही नाही. "आनंदराव, जाऊ द्या ना. कोनाले मालूम पडते?"

"मले पडलं ना," आनंदराव म्हणाले. "बारावाल्यायचे दहा मार्क राहू द्या. गनितातला तलाव सुकते, गावातला सुकत नाही. आपण दोन्ही तलाव एकाच पेपरात घातले, तर दोन्ही उत्तरायले मार्क द्या लागन."

दोन दिवस बसून सगळे पेपर पुन्हा पाहिले. तलाव रिकामा होणार नाही असं कारणासकट लिहिणारी एकोणीस पोरं निघाली, सगळी तलावाच्या गावांची. एकानं तर खुंट्यांसकट तुडुमाचं चित्र काढलं होतं आणि आनंदरावांनी तेही लाल शाईनं खोडलं होतं. दहा-दहा मार्क पडल्यावर त्यांतली अकरा रेघेच्या वर आली. चंद्रकांता एकसष्टावी. सत्तर ते ऐंशी नंबरची अकरा खाली गेली. आनंदरावांनी पट्टी ठेवली. तिच्या खाचांत तलावाचा चिखल वाळून बसला होता, त्यामुळं रेघ जराशी वाकडी आली. इतक्या वर्षांतली ती पहिली वाकडी रेघ.

यादी लावली तेव्हा गुलाब समोरच उभा होता. पोरगा गुणी. आरडाओरडा केला नाही.

"बाबा, मी बारा घंटे लिहिलं होतं. बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. दहापैकी दहा हायेत तुले."

"मंग?"

"मंग बाकीच्यायचंही बरोबर निघालं, बेटा."

गुलाबनं यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि सायकल घेऊन घरी गेला. विमलाबाईंनी पुढचे चार दिवस नवऱ्याला बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो पूर्ण कप प्याला.

फी भरायच्या दिवशी श्यामरावजी आले. मला वाटलं, आता हा जुना हिशेब चुकता करणार. ते खुर्चीवर बसले, घाम पुसला, खिशातून मिलची एक पावती काढून टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पाठीमागं लिहिलं होतं: 'चि. गुलाब आनंदराव यास सायन्सला घ्यावे. एक जागा वाढवावी. वरच्या मंजुरीचे मी पाहतो.'

"हे चिठ्ठी नोहे, आनंदराव," ते खिडकीकडंच पाहत म्हणाले. "हे... तुमच्या पोराचं नुसकान झालं, मले काही बरं नाही वाटून राहिलं."

आनंदरावांनी चिठ्ठी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना काही घाई दिसली नाही. मला त्या क्षणी त्या रेघेचा नव्हे, त्या माणसाचाच राग आला. घ्या ना मुकाट्यानं, एवढंच माझ्या मनात होतं. मी माणुसकीवर तास-तासभर बोलणारा माणूस. माझीसुद्धा जीभ चिठ्ठीच्याच बाजूनं वळवळत होती.

"अध्यक्षसाहेब, तुमचा पुतन्या खाली गेला तवा तुमी माह्यं ऐकलं," आनंदराव म्हणाले. "आता मलेही माह्यंच ऐका लागन."

त्यांनी भोक पाडायचं मशीन ओढलं, चिठ्ठीला भोक पाडलं, ती फायलीत बाकीच्या चिठ्ठ्यांवर लावली. गुलाबचा आर्ट्सचा फॉर्म खालच्या खणात भरून ठेवलेला होता, तो त्यांनी वर काढून प्राचार्यांच्या सहीच्या गठ्ठ्यात घातला. मग दाराशी उभ्या असलेल्या चंद्रकांताला हाक मारली, "ये बेटा. फारम आन."