सोसायटीची पायरी

आमच्या गावी सोसायटी म्हणजे खताची पोती, रेशनची साखर आणि दारातली पायरी. त्या पायरीवर निम्म्या तालुक्याची लग्नं जुळली. शहरात सोसायटी म्हणजे सात मजले बंद दारं. शेजाऱ्याचं नाव कळायला इथं एक जन्म पुरत नाही. गावाहून आलेली माझी आत्या महिनाभर बोलायला माणूस शोधत होती. आज सकाळी ती सरळ सोसायटीच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली. मी खिडकीतून पाहत होतो. चेअरमन आले.

"आजी, इथं बसायचं नसतं."

"बरं. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" म्हणत आत्या थोडी सरकली.

चेअरमननी घड्याळ पाहिलं आणि शेजारी टेकले. दुपारी मी जेवायला हाक मारली, तोवर ते आमचे मामा लागत होते.