आपली मुलं हुशार असतात

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एकदा एक खासदार देशाच्या सुरक्षेवर बोलायला आले होते. तोवर मी त्यांना फक्त फ्लेक्सवर पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते बरेच बुटके निघाले. प्रत्येक जोरदार वाक्यानंतर ते जाकिटाची टोकं दोन्ही हातांनी खाली ओढायचे आणि पहिल्या रांगेकडे बघायचे.

"कागदपत्रं नसलेला एकही परका माणूस या देशात राहता कामा नये," ते म्हणाले. "पोट भरायला आलो, ही सबब चालणार नाही. उचला आणि पाठवा परत."

भाषणानंतर माझ्या शेजारच्या काकू प्रश्न विचारायला उठल्या.

"अहो, माझा मुलगा अमेरिकेत आहे. नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपली, तरी तो तिथेच राहिलाय. दाराची बेल वाजली तरी घाबरतो. त्याचं काय करायचं?"

खासदारांचा आवाज एकदम मऊ झाला.

"काळजी करू नका. आपली मुलं हुशार असतात, कष्ट करतात. त्यांना असं हाकलून देणं माणुसकीला धरून नाही. मी दिल्लीत बोलतो."

"दिल्लीत नको," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिकडच्या खासदाराशी बोला. तोही टीव्हीवर अगदी तुमच्यासारखंच बोलतो."

खासदार थोडे विचारात पडले. मग अगदी मनापासून म्हणाले, "त्या लोकांना माणसांची पारखच नाही हो."

ते खोटं बोलत नव्हते, हेच मला अजून खटकतं.

काकू खाली बसल्या. चष्मा पुसत त्यांनी मला हळूच विचारलं, "यांची मुदत कधी संपते?"