पाकिटावरची सत्यभामा

सत्यभामा शहागंजच्या बाजारात मासे विकते. तिच्याशी घासाघीस करायची तर घरून पोटभर जेवून निघावं, कारण तिच्या कोयत्यापेक्षा जिभेला धार जास्त. माहेर पैठणचं. भाऊ सांडू जायकवाडीच्या पाण्यात जाळं टाकतो आणि त्याचीच मासळी ती विकते.

फक्त आखाडात नाही. श्रावण तोंडावर आला की सगळं शहर मटण-मासळीवर तुटून पडतं, आणि नेमकी तेव्हाच धरणातली मासळी अंड्यावर असते, जाळी बंद असतात. त्या दिवसांत सत्यभामा सुकट-बोंबील मांडून बसते. कुणी ताजी रोहू मागितली की म्हणते, "दोन जिवाची हाय ती. तिला कापून खानार व्हय? सुकट न्या." गिऱ्हाईक चडफडत का होईना, नेतं.

गेल्या हिवाळ्यात जालना रोडवरच्या एका चकचकीत दुकानानं तिची मासळी घ्यायला सुरुवात केली. तिथला मॅनेजर आकाश गोड बोलणारा. त्यानं तिचा फोटो काढला. थोड्याच दिवसांत पाकिटं आली. वर हिरवं पान, 'निसर्ग जपून धरलेली मासळी' अशी अक्षरं, आणि खाली सत्यभामा. ती हरखली. एक पाकीट तिनं पैठणला पाठवलं, ते सांडूनं बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलं. या गिऱ्हाइकाच्या जोरावर तिनं मुलीला, मोनालीला, नर्सिंगला घातलं.

मग आखाड आला, आणि जोहराआपा आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पाकीट सुकटीच्या ढिगावर आपटलं.

"काय गं, आम्हाला सुकट आन् बड्या लोकांना रोहू? पाहुणे आले म्हणून त्या मोठ्या दुकानातून तुझं तोंड बघून घेतली. पोट फाडलं तर अंडीच अंडी! शरम नाही वाटत?"

सत्यभामानं पाकीट उचललं, वर तिचाच फोटो होता. जाळी बंद असताना ही रोहू आली कुठून? कुणीतरी चोरून सांडूचं पुढचं साल उपसत होतं, आणि वर तिचं तोंड लावून विकत होतं. ती तशीच रिक्षानं जालना रोडच्या दुकानात गेली.

आकाश म्हणाला, "मावशी, हे पानाचं लेबल वर्षातून एकदा मिळतं. पुरवठादार लिहून देतो, संस्था शिक्का देते."

"आन् पान्यावर जाऊन कोन बघतं?"

"पुरवठादारच सांगतो ना."

"म्हंजी चोरालाच इचारायचं, बाबा, चोरी केली का?"

"सगळी लेबलं खोटी नसतात, मावशी."

"नसत्यालबी. खरं कोन्तं ते कसं वळखायचं, तेवढं सांगा. नायतर माझा फोटो पाकिटावरनं हटवा."

आकाश खाली बघत म्हणाला, "फोटो हटवला तर तुमची मासळी घेणंही बंद होईल. वरूनच तसा हुकूम आहे."

सत्यभामाच्या डोळ्यांसमोर मोनालीची फी आली. पण राग त्याहून मोठा होता.

"करा बंद! मासळी खराब निघाली तर लोक माझ्या तोंडावर येऊन शिव्या देत्यात, म्हनून त्यांचा भरवसा हाय. तुमच्या ह्या पानाला कुनी शिव्या द्यायच्या?"

एवढं बोलून ती दुकानाच्या दारातच बसली. आत जाणाऱ्या प्रत्येकाला पाकीट दाखवून सांगू लागली, "तोंड माझं हाय, मासळी माझी नाय." वॉचमननं दटावलं, मग विनवलं. ती हलली नाही. संध्याकाळच्या आत दुकानानं सगळी पाकिटं फळ्यांवरून उतरवली.

दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. फी कशी भरायची, हे तिला आजही नीट माहीत नाही. केल्याचा पस्तावा मात्र नाही. असता तर तिनं चारचौघांत बोलून दाखवला असता.

श्रावणात जोहराआपा नवं पाकीट घेऊन आल्या. तेच पान, तीच अक्षरं. फोटो मात्र दुसऱ्या बाईचा, डोक्यावर पदर, ओठांवर हसू.

"ही कोण गं?"

सत्यभामानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नाव नाही, गाव नाही. तिनं ते आपल्या गाळ्याच्या खांबाला, येणाऱ्याच्या नजरेसमोर बांधलं. आता भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला ती आधी ते दाखवते.

"हिला कुनी वळखत असाल तर सांगा. तिचं तोंड तिला परत नेऊन द्यायचंय."