लिफ्टचे पैसे

काल रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात गोंदाचा डबा उघडला आणि त्या उग्र वासासरशी इथल्याच एका मॉलमधली बर्फाची उतरण आठवली, छपराखालची, यंत्राने इस्त्री केल्यासारखी सपाट केलेली. बायको वारल्यापासून घरात मी आणि मुलगी दोघंच, आणि दुसऱ्या दिवशी ती शिकायला कॅनडाला निघणार होती. जाण्याआधी तिला माझ्याबरोबर एकदा त्या उतरणीच्या कडेकडेने, पायात स्की म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्या बांधून, वरपर्यंत चालत जायचं होतं. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला गोंदाची केसाळ पट्टी चिकटवतात. नवशिक्यांना एकच तास मिळायचा. ती पट्ट्या लावून तयार झाली आणि मी काउंटरवर अडलो. "आम्ही पायी चढणार, मग वर नेणाऱ्या लिफ्टचे पैसे कसले?" काउंटरवाला हिंदीत म्हणाला, "चाचा, टिकट एक ही है." माझं डोकं फिरलं. मी मॅनेजरला बोलावलं. "अब्बा, प्लीज, लेट इट गो. यल्ला, चला ना!" "तू हो पुढे, मी आलोच." काचेतून ती दिसत होती. चार पावलं सरकायची, थांबायची, मागे वळून बघायची. मॅनेजर नमला तेव्हा ती एकटीच वर पोचली होती आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजत होती. खाली येऊन तिने विचारलं, "जिंकलात?" मी मान डोलावली. लिफ्टच्या बाबतीत माझं म्हणणं आजही बरोबरच आहे, फक्त ते ऐकवायला आता घरात कोणी नाही.