धुतलेले बस्ते

मुलांनो, तुमचे फोटो येतात आणि त्यांच्या मागे कुणी काही लिहिलेलं नसतं, तेव्हा मी रागावते. तुम्ही फोनवर हसता. त्या रागाचं कारण आज लिहिते.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी वर्ध्याच्या कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत होते. जुने इंग्रजी कागद वाचून जपण्याजोगे कुठले ते ठरवायचं, हे माझं काम. एका गावाचे कागद एका जाड कापडात बांधलेले असत. त्याला बस्ता म्हणत. गावाचं नाव त्या कापडावर शाईनं लिहिलेलं. आत शेतांचे नंबर आणि माणसांची नावं तेवढी. बस्त्यावर गाव असताना आत पुन्हा कोण लिहील?

दिवाळीआधी मी माहेरी जाऊन परतले, तर खोलीत साबणाचा वास. बस्ते पांढरेशुभ्र. कापडं वाळेपर्यंत गठ्ठे इकडचे तिकडे झालेले.

"नवीन राज्याचे साहेब येऊन राह्यले," रेकॉर्डकीपर म्हणाले. "त्याइले मळके बस्ते दाखवू का, बाई? दिवाळीले घर धुतोच ना आपण!"

त्यानंतर काही दिवसांनी रोहण्याचे एक म्हातारे शेतकरी आले. त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर शेजारी आपली म्हणत होता. कोर्टात दाखवायला त्यांना जुन्या कागदाची नक्कल हवी होती.

गठ्ठे सोडत मी पुष्कळ दिवस बसले. कागद सापडला. वडिलांचं नाव, शेताचा नंबर, विहीर, सगळं होतं. फक्त गाव नव्हतं.

कचेरीच्या साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिला. "हाच नंबर प्रत्येक गावात असतो. मी नकलेवर शिक्का कशाच्या भरवशावर मारू?"

"गाव मी सांगतो ना जी," म्हातारे म्हणाले. "जन्म गेला माहा तिथं."

"तुम्ही सांगून चालत नाही, आजोबा."

ते माझ्याकडे वळले. "कपडा धुतला तं धुतला, बाई. नाव काऊन धुतलं?"

रेकॉर्डकीपर खाली मान घालून सुतळी गुंडाळत राहिले.

उन्हाळ्यात ते पुन्हा आले. मला वाटलं, आणखी काही अर्ज असेल.

"विहीर गेली जी," ते म्हणाले. "तो कागद एकडाव वाचून दाखवा. बापाचं नाव आयकतो, अन् जातो."

कागद इंग्रजीत होता. मी मराठीत सांगत गेले. अमक्याचा मुलगा अमका, यानं स्वतःच्या खर्चानं विहीर बांधली आहे. पाणी बारमाही आणि गोड.

"हो," ते म्हणाले. "गोडच हाये."

मग टोपी नीट करून ते बसस्टँडकडे गेले. मी कागद परत बांधला. कोऱ्या बस्त्यावर रोहणा लिहायला मी दौत उघडली, तर रेकॉर्डकीपरांनी हळूच माझा हात धरला. साहेबांनी शिक्का नाकारलेल्या कागदाला गाव द्यायचा आम्हाला अधिकार नव्हता.